धक्क्यांची वही

पोलादपूर, मंगळवार, २ नोव्हेंबर १९६५

आजपासून धक्क्यांची वही वेगळी. नवी आणली नाही. गेल्या सालच्या दुधाच्या वहीत मागची एकोणीस पाने कोरी राहिली होती, ती उलटी धरून रेघा मारल्या. रकाने पाच: तारीख, तिथी, वार, वेळ, काय हलले.

कारण असे. दिवाळीच्या आधीपासून स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी मधूनच वाजतात. सर्वांत वर मोठ्या पातेल्यावर पितळी झाकण आहे, ते आधी किणकिणते, मग ताटे. जमीन पायाखाली एकदाच धपकन दबल्यासारखी होते आणि संपते. घाटावर जमीन हलते असे पेपरात येतेच आहे. त्याच पेपरात एका ज्योतिष्याने लिहिले आहे की चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो, आणि ग्रह एका रांगेत आले की ओढ वाढते. नीट टिपणे ठेवली तर धक्का आधी सांगता येईल. मला ते पटले. माझे माहेर महाडचे. अमावास्या-पौर्णिमेला सावित्रीचे पाणी किती चढते ते लहानपणापासून पाहिले आहे, आणि मॅट्रिकला भूगोलात मला बरे मार्क होते.

ज्योतिषी पुण्याचा. त्याची भांडी जागच्या जागी. हलतात माझी. तेव्हा टिपणे मीच ठेवायला हवीत.

आज: १२ वाजून ४० मिनिटे. झाकण आणि तीन ताटे.

लेकीला, रखमाला, सातवा चालू आहे. पहिले बाळंतपण, ते माहेरीच व्हायचे. पण सध्या भाताची कापणी, आणि आठव्यात बैलगाडीचा प्रवास नको, म्हणून नववा लागला की तिला उमरठहून आणायची असे विहीणबाई ठकूबाईंशी ठरले आहे. तिची खोली सारवून घ्यायची आहे.

बुधवार, १० नोव्हेंबर

नऊ दिवसांत आठ धक्के. सगळे दुपारी बारा ते एकच्या आत, म्हणजे सूर्य माथ्यावर असताना. रात्री एकही नाही. हे ज्योतिष्याने लिहिले नव्हते.

सोमवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. ओढ मोठी असणार म्हणून मी अकरापासून मांडणीसमोर पाट टाकून बसले. कढी उतू गेली. झाकण ढिम्म हलले नाही. देवीला दिवा लावताना मन लागेना.

ह्यांना वही दाखवली. दोन्ही पाने वाचली, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "डोंगराच्या पलीकडे मुरारी आहे ना, त्याला एकदा..." आणि मग का कोण जाणे, थांबले. म्हणाले, काही नाही, अक्षर छान आहे तुझे.

मुरारी म्हणजे माझे धाकटे दीर. पलीकडच्या खोऱ्यात नवा रस्ता होतो आहे, तिथे मुकादम आहेत. त्यांना ग्रहांतले काय कळणार? पत्रिका स्वतःची, ती कुठे ठेवली तेही ठाऊक नाही.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

काल सोमवार, धक्का नाही. त्याआधीचा सोमवार, नाही. त्याआधीचा, म्हणजे वही सुरू करण्याच्या आदल्या दिवशी, तोही नाही, हे मला पक्के आठवते, कारण त्या दिवशी आठवड्याच्या बाजारातून मी केरसुणी आणली होती.

सोमवार चंद्राचा. स्वतःच्या वारी चंद्र ओढत नाही. शिवाय दिल्लीहून पंतप्रधानांचे सांगणे आल्यापासून सगळा देश सोमवारी रात्री जेवत नाही. माझा उपास आधीपासूनच आहे. एवढ्या लोकांचे एका दिवसाचे पुण्य धरणीला कळत नसेल असे कसे म्हणावे?

मुरारी भावोजी बाजाराच्या निमित्ताने काल आले होते. पाच भाकऱ्या खाल्ल्या.

मंगळवार, २३ नोव्हेंबर. कार्तिक अमावास्या

आज धक्का नाही.

सावित्रीच्या पाण्याप्रमाणे आज सर्वांत मोठा धक्का यायला हवा होता. आला नाही. आणि आजच वहीकडे बघता बघता मला उमगले. अमावास्येला आपण नांगर जुंपत नाही, बैलांना विसावा देतो, मजूरसुद्धा कुदळीला हात लावत नाहीत. पृथ्वी तर आपल्याहून जुनी. तीही अमावास्या पाळते.

ज्योतिष्याला पत्र लिहावे म्हणते. पोस्टकार्ड पुरेल.

भावोजी आज काम बंद म्हणून घरी आले होते. त्यांना समजावून सांगितले. ऐकता ऐकता त्यांना ठसका लागला. ह्यांनी त्यांना हाताला धरून गोठ्याकडे नेले. दोघे बराच वेळ आले नाहीत.

रविवार, २८ नोव्हेंबर

आता भाकिते सांगते. बुधवार ते शनिवार चारही दिवस 'धक्का येईल' म्हटले, चारही दिवस आला. शेजारची भिकूची आई रोज साडेअकराला येऊन विचारते, बरण्या खाली ठेवू का? ठेव म्हटले की ठेवते. परवा राहीबाई सुईण आली. तिने सांगितले, खालच्या आळीत बाया मुलांना माध्यान्हीला अंगणातच जेवायला वाढतात, "आनंदीबाईंचं सांगणं हाय" म्हणून. मला 'आनंदीबाई' म्हणतात हे तेव्हा कळले. आतापर्यंत मी सहदेवरावांची बायको होते.

गर्व नको. नामस्मरण वाढवले.

रविवार, ५ डिसेंबर

उमरठहून त्यांचा गडी कुशाबा निरोप घेऊन आला. ओटीवर बसला, पाणी प्याला, डोके खाजवले, आणि खाली मान घालून म्हणाला, ठकूबाईंनी सांगितलंय, सून पाठवायची नाय.

का, म्हटले. तर म्हणे उमरठला सगळीकडे बोलबाला झाला आहे की पोलादपूरच्या व्याह्यांचे घर रोज दुपारी हलते. कोणी उगाच नाही, घरधनीणच वहीत लिहून ठेवते. अशा घरात पोटुशी पोर कशी धाडायची? उमरठची जमीन घट्ट आहे, बाळंतपण तिथेच होईल.

ठकूबाईंनी खोटे एक अक्षर सांगितले नाही. सगळे माझ्याच हातचे.

रखमाची खोली दोनदा सारवून झाली होती. आज परत सारवली.

गुरुवार, ९ डिसेंबर

हे उमरठला जाऊन आले. जावईबापू मुंबईला गिरणीत, तेव्हा बोलणे ठकूबाईंशीच. रखमा आतल्या दाराशी उभी होती म्हणे. निघताना ह्यांच्या हातात माझ्यासाठी रिकामी पिशवी दिली. तिळगुळाला तीळ माहेरहून येतात, तीच पिशवी. म्हणजे तिला इकडे यायचे आहे, ते मी समजले.

ठकूबाई ह्यांना म्हणाल्या, "व्याही, तुमची बायको शिकलेली. ती चुकीचं लिवनार नाय. आन् बरोबर लिवत आसंल, तर पोर मी कशी पाठवू, तुमीच सांगा."

ह्यांनी घाईघाईने म्हटले की बायका काय, काहीही लिहितात. हे ऐकून मला ठकूबाईंचा राग कमी आला आणि ह्यांचा जास्त.

मग ठरले ते असे: ठकूबाई येत्या १७ तारखेला, शुक्रवारी, स्वतः येणार. सकाळपासून मांडणीसमोर बसणार. झाकण हलले तर रखमा उमरठलाच. नाही हलले तर नववा लागलाच आहे, सोमवारी पाठवतील.

मी वही उघडून १७ तारीख पाहिली. शुक्रवार, वद्य दशमी, ना सोमवार ना अमावास्या. धक्का येणार. शंकाच नाही.

वही चुलीत घालावी असे मनात आले. पण मग दुधाचा हिशेबही जाईल.

बुधवार, १५ डिसेंबर

काळकाईच्या देवळात जाऊन आले. नारळ आणि खण बोलले. मागणे असे की शुक्रवारचे माझे भाकीत खोटे ठरव. पुजारी गोंधळला. म्हणाला, देवीकडे लोक बोलणे खरे व्हावे म्हणून येतात. मी म्हटले, तुम्ही गाऱ्हाणे घाला, देवीला समजेल.

घरी आल्यावर वाटले, आपल्यामुळे गावाच्या बाया वेळेवर बरण्या उतरवतात, आणि मी आपल्याच विद्येवर उलटा नवस बोलते. पण रखमाने पिशवी दिली आहे.

ह्यांनी संध्याकाळी उगाचच डोंगरापलीकडे फेरी मारली. परत आले ते पाय धुळीने माखून आणि स्वारी एकदम खुशीत. विचारले तर म्हणाले, मुरारीची ख्यालीखुशाली.

शुक्रवार, १७ डिसेंबर

सविस्तर लिहिते.

ठकूबाई दहाला गाडीतून उतरल्या. चहा नको, पाणी नको, आधी निकाल. मांडणीसमोर पाटावर पदर खोचून बसल्या. भिकूची आई, राहीबाई आणि खालच्या आळीतल्या आठ-नऊ जणी मागे भिंतीशी. मी आज धक्का येईल हे सगळ्यांना आधीच सांगून बसले होते, कारण विचारल्यावर खोटे कसे सांगणार? त्यामुळे त्या सगळ्या झाकणाच्या बाजूने आणि मी एकटी झाकणाच्या विरुद्ध.

मुरारी भावोजीही होते. शुक्रवार असून घरी कसे, विचारले. म्हणाले, "सुरुंगाची दारू भिजली, वैनी." मार्गशीर्षात दारू कशाने भिजते कोण जाणे. ओटीवर बसून त्यांनी ह्यांच्याबरोबर सुपारी कातरली.

बारा वाजले. सव्वाबारा. ठकूबाईंनी नजर हलवली नाही. साडेबाराला झाकणावर माशी बसली आणि राहीबाईने श्वास ओढला, तेवढेच. पाऊण. एक. भिकूची आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या बरण्या फोडल्या.

दीड वाजता ठकूबाई उठल्या. गुडघे चोळले. म्हणाल्या, "विहीनबाय, तुमचं झाकान माज्या सुनेपरीस शांत हाय. सोमवारी पाठवते."

मग चहा प्यायल्या, जेवल्या, आमसुलाच्या साराची तारीफ केली. जाताना बायांसमोर मला म्हणाल्या, शिकलेलं मानूस चुकतं ते बरं, आमाला जरा बरं वाटतं. सगळ्या हसल्या. मीही हसले. आतून कुठेतरी टोचले, ते इथे लिहून ठेवते, कारण ही वही कोणी वाचत नाही.

नोंद: १७ डिसेंबर. धक्का नाही. भाकीत चुकले.

उद्या नारळ आणि खण.

सोमवार, २० डिसेंबर

रखमा आली. पाय सुजले आहेत. गाडीत पेंढा चांगला जाड घातला होता. खोली पाहून म्हणाली, किती वेळा सारवलीस गो आई, भिंती जवळ आल्यात.

गुरुवार, ३० डिसेंबर

धक्के पूर्ववत. रखमाला आधीच सांगून ठेवले आहे की घाबरायचे नाही. ती घाबरत नाही. दुपारी भांडी वाजली की ती म्हणते, "चला, काका जेवायला बसले." हा तिचा काय विनोद ते मला कळत नाही. पोटुशी बायका काहीही बोलतात.

एक नवा विचार. १७ तारखेला भावोजी घरी होते. सोमवारी घरी असतात. अमावास्येला घरी असतात. ते घरी असले की धरणी शांत! ग्रह आकाशातच असतात असे थोडेच आहे, माणसाच्या पत्रिकेतलाही चंद्र असतोच. त्यांची पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत असेल. शोधते.

मंगळवार, ११ जानेवारी १९६६

पंतप्रधान परमुलखातच वारले. सकाळी रेडिओवर सांगितले. तह करायला गेलेला माणूस. चूल पेटवावीशी वाटेना. ह्यांनी दिवसभर टोपी डोक्याला लावली नाही. सगळीकडे सगळे बंद.

भांडी आज वाजली नाहीत.

रविवार, १६ जानेवारी

मुलगी. दोघी सुखरूप.

सोमवार, १७ जानेवारी

काल लिहायला त्राण नव्हते. आज लिहिते, आणि जे लिहायला हवे ते लिहिता येत नाही.

रखमाच्या कळा सकाळी सुरू झाल्या. राहीबाई होती. मी रखमाला पाठीमागून धरून बसले होते, तिने माझे मनगट असे धरले की अजून निळे आहे. मुलगी बाहेर आली, रडली, राहीबाई म्हणाली, "येळ बगा, आनंदीबाय." घड्याळ स्वयंपाकघरात, मांडणीशेजारी. मला उठता येईना. रखमा रडत होती, हसत होती, मीही तेच करीत होते. घड्याळ पाहिले तेव्हा एक वाजून गेला होता. किती आधी, देव जाणे. राहीबाई म्हणते बराच वेळ. रखमा म्हणते आत्ताच.

अडीच महिने मी झाकणाचे मिनिट टिपले, आणि नातीची जन्मवेळ टिपली नाही. वेळेशिवाय पत्रिका कशी होणार? ठकूबाई पाचवीला येतील तेव्हा पहिले तेच विचारतील. त्यांना काय सांगू? अंदाजे सांगू? माणसाचा जन्म अंदाजे?

दुपारी भावोजी बाजारातून आले, तान्हीला पाहिले. मी डोळे पुसत होते. कारण सांगितले. ते म्हणाले, "यात रडायचं काय वैनी? पोर रडली तवा भांडी वाजली का?"

आठवले. वाजली होती. पहिले रडणे आणि झाकण एकदमच. मी म्हटले, हो.

"मग बारा पस्तीस. आमच्या वहीत हाय."

कसली वही, म्हटले. सुरुंगाची, म्हणाले. दारूचा हिशेब ठेवावा लागतो, कितीला पेटवला, किती लागली. मजूर जेवायला उठले की उडवायचा. सोमवारी बाजार, काम बंद. अमावास्येला बंद. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मी विचारले, "सगळेच?"

त्यांनी मान खाली घातली.

"आणि १७ डिसेंबरला?"

"दादानं सांगितलं व्हतं, आजच्या दिस नको उडवू. रखमेसाठी." मग म्हणाले, "आन् रखमेला म्या कायबी सांगितलं नाय. ती आपनच वळखून होती."

हे दारात उभे होते. मी पाहिले तसे म्हणाले, "चार बायकांत तुझे नाव झाले होते. ते मी कसे मोडू?" मग म्हैस पाहतो म्हणून निघून गेले. म्हैस आम्ही गेल्या वर्षीच विकली.

नारळ आणि खण देवीला दिला, तो वास्तविक कोणाला द्यायचा होता, हा प्रश्न राहतो. पण देवीचा परत घेत नाहीत.

मुलीची नोंद इथेच करते, रेघा मारलेल्या आहेतच: १६ जानेवारी १९६६, पौष वद्य दशमी, रविवार, १२ वाजून ३५ मिनिटे. शेवटच्या रकान्यात 'काय हलले' असे आहे. तो कोरा ठेवला.

गुरुवार, २० जानेवारी

पाचवी झाली. ठकूबाई आल्या, नात मांडीवर घेतली, नाक बघितले, आपल्या घराण्याचे आहे म्हणाल्या. असू दे. मग पदराच्या गाठीतून कागद काढला. भटजींनी वेळ मागितली आहे.

बारा पस्तीस, मी म्हटले.

"घड्याळ कोनी बगितलं?"

मी बघितले म्हणून मोकळी झाले असते. राहीबाईने दुजोराही दिला असता. पण ही वेळ पोरीला जन्मभर पुरणार. तेव्हा सगळे सांगितले. घड्याळ नाही पाहिले, भांडी वाजली त्यावरून कळले, आणि भांडी सुरुंगाने वाजतात, भूकंपाने नाही, पहिल्यापासून नाही. चंद्र नाही, ग्रह नाहीत, अमावास्या पृथ्वी पाळत नाही, मजूर पाळतात. १७ तारखेला सुरुंग थांबवला होता तेही सांगितले, तुम्हाला फसवले गेले, माफी असावी.

ठकूबाई बराच वेळ तान्हीला थोपटत राहिल्या. मला वाटले, आता पोर उचलतात आणि गाडी जुंपायला सांगतात.

त्या म्हणाल्या, "उमरठला सुरुंग नाय."

नाही ना, म्हटले, म्हणूनच तुमची जमीन घट्ट.

"कशाची घट्ट," त्या हळूच म्हणाल्या. रखमा ऐकत नाही ना ते पाहिले. "दोनदा हाललीया. येकदा उतरंड कलंडली, तवा दही सगळं भुईवर. तवा बोलले असते तर सून धाडावी लागली असती, म्हनून गप बसले."

मग मी उठले आणि वही आणली. भावोजींनी दाखवायला ठेवलेली सुरुंगाची वही घरातच होती, तीही आणली. तारखा सांगा, म्हटले, सुरुंगाशी जुळतात का पाहू.

तारीख विहीणबाईंना सांगता येईना. वारही नाही. पहिला धक्का तांबडी म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एवढे मात्र त्या देवाशपथ सांगतात. कुशाबा उद्या उमरठला जातो आहे. म्हैस कधी व्याली ते गोठ्यात विचारून, तिथीसकट, चिठ्ठीवर लिहून आणायला सांगितले आहे. ठकूबाई म्हणाल्या, दुसरी येळ मी आठवते, तवर तू रेघा मार.